पाव फेरा

आनंदवाडीच्या जेटीमागे बर्फाचा कारखाना.
दोन कॉम्प्रेसर, एक क्रशर, तीन पंप
आणि मोजून एकेचाळीस जागा
जिथे तेल किंवा ग्रीस द्यावं लागतं.
हा आकडा कुठल्या पुस्तकात नाही.
तातू मालंडकरांनी तो खडूने भिंतीवर मांडला, ओळीने, नंबर घालून;
खारा वारा भिंत खातो,
म्हणून दरवर्षी पुन्हा गिरवला.

मी आलो एकोणिसाव्या वर्षी,
आयटीआयचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत.
त्यांनी दाखला पाहिला नाही, हात पाहिले.
मग जुन्या लुंगीचं एक फडकं दिलं.
"आधी पूस. मगे भर."
महिनाभर एवढंच शिकवलं.

निपलच्या टोकावर डोळ्याला न दिसणारं काहीतरी बसलेलंच असतं,
वाळू, मिठाची कणी, सुंगटाच्या सालीचा चुरा.
न पुसता गन दाबली
की ग्रीसच्या आधी तेच आत जातं.

पुढे पुढे बाकीचं आलं.
काचेच्या डोळ्यात तेल निम्म्यावर हवं.
ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी शिरलंय,
करपल्या फोडणीचा वास आला तर उशीर झालाय.
पिवळं ग्रीस निळ्यात घालायचं नाही;
दोन्ही आपापल्या जागी चांगली,
एकत्र आली की पातळ होऊन वाहून जातात.
यावर तातू स्वतःच्या भावकीबद्दल काही बोलायचे, ते इथे नको.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं,
मूठ कानामागच्या हाडावर.
नीट असलं तर नुसती सळसळ.
कोरडं पडलं तर आत कुणीतरी सुपात तांदूळ घोळवतंय.

सगळ्यात अवघड, थांबणं.
"मशिनाक भूक लागता, पण ता खादाड नाय."
चार दाब म्हणजे चार.
पाचव्याने बेअरिंग तापतं, सहाव्याने सील फाटतं,
आणि लाडाने बिघडलेलं लोखंड
उपाशी लोखंडाइतकंच लवकर मरतं.

मार्गशीर्षात बांगडा लागला होता.
चौदा ट्रॉलर रांगेत, सगळ्यांना बर्फ आत्ताच हवा.
क्रशरचं डावं निपल, सव्वीस नंबर,
मी पुसलं नाही.
कारण काही नाही. फडकं खिशात होतं.
तिसऱ्या दिवशी पहाटे सव्वातीनला
क्रशर किंचाळला आणि गप्प झाला.
मग लाद्या हाताने फोडाव्या लागल्या.
लिलावाला आलेल्या बायकांनी मोगऱ्या घेतल्या,
रुक्मीण खवळे पदर खोचून सकाळपर्यंत हाणत होती,
माझ्याकडे एकदाही न बघता.
शेवटच्या दोन ट्रॉलरचा बांगडा खताच्या ट्रकमध्ये गेला.

तातूंनी बेअरिंग खोललं.
चिमूटभर राखाडी काहीतरी तळहातावर घेऊन
बॅटरीच्या उजेडात चोळलं.
"ह्या काम कोणाचा?"
माझं, म्हटलं.
ते उठले, खडू घेतला
आणि भिंतीवर सव्वीसच्या पुढे माझं नाव लिहिलं.
नुसतं नाव. मालकाला काही सांगितलं नाही.

आता ते कणकवलीला लेकीकडे असतात.
जून-जुलै मासेमारी बंद, कारखाना बंद,
पण उभ्या मशिनातलं तेल हळूहळू खाली उतरतं
आणि तेच गोळे त्याच जागी बसून
गुळगुळीत पोलादात खळगे पाडतात.
म्हणून रोज यायचं,
कुलूप काढायचं, हातपंपाने तेल चढवायचं
आणि चाकाला दोन्ही हातांनी पाव फेरा द्यायचा.
अर्धा नको, पूर्ण नको,
काल जिथे भार होता तिथून तेवढा सरकवायचा.
अंधारात अमोनियाचा बारीक वास, बाहेर उधाण,
आणि तो दीड टनाचा लोखंडी गोल
झोपेत कूस बदलावी तसा वळतो.

सात वाजता फोन येतो.
"फिरवलस?"
फिरवलं.
"आणि सव्वीस?"
भिंतीकडे बघतो.
माझं नाव जरा पुसट झालंय.
यंदा खडू मलाच घ्यावा लागणार.